आमच्या बैठकीतले तीन देश

दारात चपलांचे दोन जोड जास्तीचे दिसले की समजायचं, आज काहीतरी होणार. संध्याकाळी चपला आपल्या घरी जातात, किस्सा आमच्याकडेच राहतो. वर्षभरात इतके साठले की आता काढल्याशिवाय नव्याला जागा नाही.

चपला ज्योतीच्या आणि इब्राहिमच्या. माझी नात मुक्ता आणि हे दोघं इथं जबलपूरला एकाच कॉलेजात एम.ए. करतात. विषय आंतरराष्ट्रीय सहकार्य. पहिल्याच दिवशी इब्राहिमला विचारलं, हे असतं तरी काय?

"दादी, दो देश मिलके काम कैसे करें, वो सिखाते हैं."

"किती दिवसांत?"

"दो साल."

आम्ही दोघी जावा एका चुलीवर होतो. जमायला तीस वर्षं लागली. मी म्हटलं, "कोर्स छोटा आहे, बेटा."

*

गावात सर्व्हेला जायच्या आधी घरी सराव. ज्योती मंडल्याची, आवाज गोड. फॉर्म घेऊन माझ्यापुढे बसली.

"शिक्षा, दादी?"

"शाळेत नाही गेले कधी."

तिनं 'निरक्षर'वर खूण केली आणि पुढे निघाली. सगळं झाल्यावर मी कागद हातात घेतला. मुलगा पाटीवर शिकत होता तेव्हा त्याच्यामागे बसून मीही अक्षरं गिरवली होती, पण ते कोणी विचारलंच नव्हतं.

"ज्योती, सहावा सवाल रह गया तेरा."

तिनं खूण खोडली. मग फॉर्म उलटापालटा करून पाहिला. माझ्यासाठी त्यात दुसरा चौकोनच नव्हता.

*

एकदा तिघं तीन देश झाले. नदी एक, पाणी वाटून घ्यायचं. अध्यक्ष मी. सकाळपासून कराराच्या पहिल्याच ओळीवर अडले होते. कोणाच्या देशाचं नाव आधी लिहायचं?

मी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात. "आधी सह्या."

नदी वाटली गेली. पोहे गरमच होते.

खाता खाता ज्योती म्हणाली, "दादी, असली मीटिंग में भी भूखा रखते होंगे क्या?"

इब्राहिम म्हणाला, "नहीं. इसीलिए तो समझौता नहीं होता."

*

आता कामाची गोष्ट. तिसरं सेमिस्टर परदेशात, पण अख्ख्या वर्गातून सीट एकच. मुक्तानं पहिल्या दिवसापासून तिच्यावर डोळा ठेवला होता. त्यासाठी गावातला प्रोजेक्ट चांगला व्हायला हवा.

गेली भेडाघाटकडे, संगमरवराच्या मूर्ती घडवणाऱ्यांच्या वस्तीत. एका म्हातारीला विचारलं, "अम्मा, आपकी ज़रूरत क्या है?"

म्हातारी मूर्ती घासत होती. मान वर केली नाही. "तू चौथी है. पहले वाले तीनों जो लिख के ले गए, वो ला दे. मुझे भी पता चले, मैंने क्या माँगा था."

मुक्ता घरी आली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कपाटातून जुने तीन रिपोर्ट शोधून काढले आणि वस्तीत बसून म्हातारीला वाचून दाखवले. तिन्हींत एकच मागणी होती, दगडाची धूळ ओढणारा पंखा. कोणी अर्जसुद्धा केला नव्हता. मुक्तानं म्हातारीसोबत बसून तो अर्ज लिहिला.

कॉलेजच्या मॅडम चिडल्या. "नया सर्वे कहाँ है? ऐसे सीट नहीं मिलती."

"नहीं करूँगी, मॅडम."

घरी आल्यावर मी म्हटलं, "अगं, सीट जाईल."

"जाऊ दे. पण चौथ्यांदा नाही विचारणार."

*

तिचा बाप विनायक, म्हणजे माझा मुलगा, रांझीच्या कारखान्यात आहे. त्याला हे पहिल्यापासून पसंत नव्हतं.

"दुसऱ्या देशाचं भलं करायला हिला कोणी बोलावलं? बँकेची परीक्षा दे म्हणा."

मी म्हटलं, "मला लग्न करून अकोल्याहून इथं आणलं, ते काय जबलपूरचं भलं करायला?"

त्यावर त्यानं पेपर तोंडापुढे धरला, तो आठ दिवस खाली आला नाही. माझ्यासमोरही, तिच्यासमोरही.

*

सीट मुक्तालाच मिळाली, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव तिथंच अडकेल. मला सांगायचा आहे तो इंटरव्ह्यूचा दिवस.

बैठकीत लॅपटॉप, त्यात परदेशातली तीन माणसं. ज्योती माझ्या कानाशी, इंग्रजीचं हिंदी करत. विनायकची सुट्टी होती. आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसला होता.

त्यांनी विचारलं, "नवा सर्व्हे का केला नाही?"

मुक्तानं तोंड उघडलं आणि लाइट गेली. वायफाय बंद. पडद्यावरची माणसं जिथल्या तिथं थिजली. मुक्ताचा चेहरा पाहवेना.

पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त खिडकीत, तीही वरच्या गजापाशी. विनायक स्टुलावर चढला, आपल्या फोनचं हॉटस्पॉट चालू करून फोन वर धरला. माणसं हलली.

मुक्ता बोलू लागली. "लोकांनी तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा विचारायला मला लाज वाटली."

अर्धा तास चाललं. विनायकनं फक्त हात बदलले.

संपल्यावर मुक्ता वळली. "बाबा, तुम्ही वर काहून चढले?"

त्यानं फोन खिशात टाकला, खिडकीच्या पडद्याला हात लावला.

"पडदा नीट करून राहिलो. या घरात कोणाचं लक्षच नसते."