दयारामचं घर, तीनशे चाळीस फूट

दयाराम दारात दिसला का आमची इंदू खुलायची. इंदू म्हणजे माझी बायको, सत्तावीस वर्षांची जुनी. मी घरी आलो तर "आले का?" एवढंच. अन् तो आला तर, "बस ना भैया, चहा टाकून राहिली." त्याच्या चहात अद्रक! माझ्या कपात कधी पडलं असन तर देवाची शपथ.

हा दयाराम कोण, तर कोणीच नाही. तेलीबांध्याच्या पुढे, नव्या रायपूरच्या रस्त्यावर अनंतरावांची भाजीची बाडी आहे, म्हणजे मळा. तिथं एकोणीस वर्षं राबणारा माणूस, महासमुंदकडचा. पंधरवड्यातून एकदा आमच्या पुरानी बस्तीत कारली अन् बरबटीच्या शेंगा घेऊन यायचा. बाडीत वेलाच्या मांडवाखाली एक पान उलटं करून पाहायचा अन् सांगायचा, परवा कीड पडते. पडायचीच. बायको सुकवारो अन् एक पोट्टी, तिघंही मोटारच्या खोलीत राहायचे. म्हणजे विहिरीचा पंप जिथं बसवला, तिथंच. पंप सुरू झाला का भांडी थरथरायची, अन् हे तिघं त्या आवाजात एकमेकांकडं पाहून हसायचे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कशाचं हसू येत होतं यांले, मले आजवर समजलं नाही.

मी नकाशे काढतो. तहसीलसमोर टेबल टाकून तीस वर्षं झाली. शेतीच्या जमिनीवर घर बांधायचं तर आधी डायव्हर्शन, म्हणजे बिनशेतीची परवानगी लागते, अन् त्या फायली करता करता माझे केस गेले. लोकांचे बंगले उभे राहिले. मी मात्र दोन खोल्यांत, भाड्यानं, अन् पाच बिऱ्हाडांत मिळून एक नळ. दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच.

यंदा नवा नियम आला. शेतमजुराले राहायसाठी शेतातच घर बांधायचं असन अन् ते तीनशे फुटांच्या आत असन, तर डायव्हर्शन नको. नकाशा द्या, पावती घ्या, पाया खोदा. मी तो कागद तीनदा वाचला. मजुराले घर सोपं करून राहिले, अन् नकाशेवाल्यानं काय घोडं मारलं होतं?

दुसऱ्याच दिवशी अनंतराव टेबलाशी हजर. "गंगाधर, दयारामचा नकाशा तूच काढ. अक्तीच्या आत काम सुरू झालं पाहिजे."

अक्ती म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी मालक अन् शेतावरच्या माणसाची वर्षाची बोली होते. एकदा बोली झाली का वर्षभर हलता येत नाही. अनंतराव आठ वर्षं "पुढच्या वर्षी घर" म्हणत आले होते. या वेळी सुकवारोनं सांगून टाकलं होतं, पोट्टी मोठी झाली, पाया दिसला नाही तर आम्ही चाललो आरंगकडे, दुसऱ्या कामावर.

दयाराम माझ्या टेबलापाशी उकिडवा बसला. मी विचारलं, "काय काय पाहिजे घरात?"

"एक ठन खिड़की, भैया," तो म्हणाला. बस. एक खिडकी.

जळलो मी. खोटं काहून बोलू? अंगाचा तिळपापड झाला. याले मागताही येत नाही, अन् घर याले!

काढायले बसलो अन् हात थांबेना. खिडक्या दोन काढल्या. स्वयंपाकाचा ओटा काढला, इंदूच्या उंचीचा, तिची कंबर दुखते म्हणून. कोपऱ्यात देवघर. पुढं ओसरी, खुर्ची टाकून पेपर वाचता येईन एवढी. तीस वर्षं डोक्यात ठेवलेलं सगळं त्या कागदावर उतरलं. बेरीज केली तर तीनशे चाळीस.

खोडरबर समोरच होतं. ओसरी पुसली असती तर नकाशा बसत होता. नाही पुसली. मनात म्हटलं, अटकू दे सहा महिने. मी तीस वर्षं अटकलो, कोणाचं काय गेलं? अन् तसाच दिला.

तीन आठवड्यांनी फाईल परत आली. मर्यादेबाहेर, जुन्या रस्त्यानं, डायव्हर्शन करून या म्हणून. अनंतरावांचा फोन आला. "अरे, नियम तुले तोंडपाठ, अन् तूच चुकला?"

"नजरचूक झाली," म्हटलं. त्याच दुपारी दुसरा नकाशा काढला, दोनशे नव्वदचा. पण पावतीले पुन्हा तीन आठवडे लागणार, अक्ती चार दिवसांवर आली होती, अन् सुकवारोचा आता कोणाच्याच शब्दावर भरोसा नव्हता.

अक्तीच्या सकाळी दयाराम आला, हातात कारल्यांची पिशवी. आरंगले गोदामाच्या मागची खोली मिळणार होती. घर नाही, खिडकीही नाही, पण मोटार नाही एवढंच. पिशवी नेहमीसारखी इंदूच्या हातात दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "वो पहिली वाला नक्शा देबे का, भैया? मोर बर अतका सुग्घर घर कोनो नइ बनाय रिहिस."

एवढं सुंदर घर त्याच्यासाठी कोणी काढलंच नव्हतं म्हणे.

मी कागद काढला. इंदूनं तो मधेच घेतला. ओट्यावर बोट ठेवलं, उंचीचा आकडा वाचला. मग देवघर पाहिलं, ओसरी पाहिली.

"सत्तावीस वर्षांत," ती म्हणाली, "मले एकदाही काढून दाखवलं नाही तुम्ही हे."

अन् तिनंच तो नकाशा दयारामच्या हातात दिला. त्यानं घडी घातली नाही, गुंडाळी करून गमछ्यात बांधला, पाया पडला अन् निघाला. मी दारात उभा राहून पाहत होतो, अन् लाज वाटायची सोडून त्याही घडीले जळत होतो. घर माझं होतं, अन् चालला तो घेऊन.