चाळीस सेकंदांचे मामा

माझ्या मामेसासऱ्यांइतका संथ माणूस मराठवाड्यात दुसरा जन्मला नाही, आणि जन्मला असेल तर तो अजून घरातून निघायचाय. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात माझ्याआधी सर्व्हर सांभाळायचं काम त्यांच्याकडं होतं. अख्खं खातं बोंबलत असलं तरी हा माणूस आधी चपला काढणार, मग तांब्याभर पाणी पिणार, मग चष्मा पुसणार. कुणाकडं गेले की बेल एकदाच वाजवायची आणि उन्हात उभं राहायचं. मामी चिडल्या की म्हणायचे, "अगं, आतल्या माणसाला उठायला येळ लागतो का नाय?" एकदा सिडकोत असेच पाऊण तास उभे होते. घराला बाहेरून कुलूप होतं!

मामा रिटायर होऊन सिल्लोडला गेले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. आमच्याकडं सगळ्यांची नावं आणि पासवर्ड एकाच सर्व्हरवर असतात. ड्रॉइंग काढायची कॉम्प्युटर मशीनं चालू होताना त्याला विचारतात, ही माणसं आपलीच ना? हे विचारण्याआधी मामांनी प्रत्येक मशीनला चाळीस सेकंद थांबायला लावणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवली होती. मी पोट धरून हसलो. मशीनलासुद्धा आपल्यासारखं करून ठेवलं की हो या माणसानं! मी ती ओळ उडवली आणि मिटिंगमध्ये साहेबांसमोर छाती फुगवून सांगितलं.

सोमवारी लाइट गेली, आली, सगळी मशीनं नव्यानं चालू झाली आणि एकही मशीन कुणाला ओळखेना. बाराच्या आत गिऱ्हाइकाला ड्रॉइंग गेलं नाही तर तुझी खुर्ची गेली समज, असं साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं. मी केबली तपासल्या. सर्व्हर उत्तर देत होता, तरी नावं येईनात. मी मशीनं पुन्हा चालू केली, पुन्हा, पुन्हा. शेवटी अकराला झक मारत सिल्लोडला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"जावईबापू, ती ओळ काढली का?"

"...हो मामा."

"अहो, मधी ब्रिज हाय, मशीन अन् सर्व्हर जोडणारा डबा. मशीन चालू झालं की दर येळी तीस सेकंद तो त्याला पलीकडं जाऊ देत नाय. तुमचं मशीन उठल्या उठल्या हाक मारतंय अन् उत्तर नाय म्हणून रुसून बसतंय. तुम्ही तपासता तवर रस्ता मोकळा झालेला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

लाज वाटली मला. ओळ परत घातली. चाळीस सेकंद गेले आणि पडद्यावर नावांची यादी आली, सगळ्यात वर मामांचंच नाव. ड्रॉइंग वेळेत गेलं. साहेबांनी नंतर मामांना फोन करून कारण विचारलं, तर ते म्हणाले, "लाइटीमुळं झालं असंल." ओळीचा विषयच काढला नाही.

परवा त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "माझं नाव काढलं का नाय त्या यादीतून? आता मी कशाला तिथं?" आवाज जरा पडलेला होता.

नाव काढायला एक सेकंद लागतो.

"काढतो की मामा," मी म्हणालो, "पण थांबा जरा."