मुंढ्याचं माप

शिवणवर्गाच्या बाईंना पुस्तकातली चूक कुणी नव्याने दाखवली की आता राग येत नसे, नुसती जांभई येई. चूक त्यांना तोंडपाठ होती. पान एकतीस, सदऱ्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेचा घेर: छातीचा आठवा भाग, अधिक एक इंच. हवा सहावा. या मापाने कापलेला सदरा काखेत असा धरतो, की वरच्या फळीवरचा डबासुद्धा काढता येऊ नये.

सुरुवातीला बाईंनी परीक्षा मंडळाला पत्रं लिहिली. एक नाही, सात. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे," असं उत्तर आलं. मग नवी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठ गुळगुळीत, आत ये रे माझ्या मागल्या. बाईंनी हात टेकले. परीक्षक पट्टी लावून कागदावरची आकृती तपासत आणि पुस्तकाशी जुळली की गुण देत. सदरा कुणी अंगात घालून बघतच नसे. मग खरं शिकवून पोरींना नापास का करायचं? दरवर्षी एखादी चुणचुणीत पोरगी हात वर करी आणि बाई म्हणत, "पुस्तकात आहे तेच काढ. मंडळाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं." हे बोलताना त्या खडूची पेटी आवरायला घेत, म्हणजे पोरीच्या तोंडाकडे बघायला नको.

यंदाची मात्र ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. परीक्षेला चार दिवस उरले असताना ती स्वतः शिवलेला सदरा घालून टेबलापुढे उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. काखेतली शिवण टर्रकन उसवली. वर्ग खो खो हसला.

"बाई, माप चुकलंय."

"हात चुकला असेल तुझा," बाई सवयीने म्हणाल्या.

"आईपण तेच म्हणते. अठरा वर्षं शिवतीये ती. प्रत्येक सदरा काखेत उसवून पुन्हा जोडते. म्हणते, बाईंनी शिकवलेलं चुकेल कसं, माझाच हात वाईट."

"आई तुझी माझ्या वर्गात होती?"

"पहिली आली होती."

बाईंना ती आठवली. लांब वेणीची, मान खाली घालून काम करणारी. तिने कधी हात वर केला नव्हता, आणि बाई तिला गुणाची पोर म्हणायच्या. इतकी वर्षं बाईंना धास्ती होती ती विचारणाऱ्या पोरींची. न विचारणाऱ्या काय शिकून घरी जातात, याचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

"उद्या आईला घेऊन ये," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आई आली आणि दारातच थबकली. "उलट बोलली का बाई ही? तोंडाळच आहे."

"नाही गं. खरं तेच बोलली. तुझा हात कधी चुकतच नव्हता. पुस्तकच चुकीचं आहे."

आईच बाईंना सावरून घ्यायला धावली. "मग तुम्ही तरी काय करणार? तुम्हाला थोडंच माहीत होतं!"

इथे गप्प बसणं फार सोपं होतं. बाई दमल्या होत्या, आणि दमलेल्या माणसाला गप्प बसणंच बरं वाटतं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या वेळेलाही."

आई कात्रीने घट्टे पडलेला आपला उजवा हात तेवढा बघत राहिली. बाईंना इतकी लाज वाटली, की त्या घाईघाईने बोलू लागल्या. "पण परीक्षेत पुस्तकातलंच काढू दे हिला. मी सांगते म्हणून. नाहीतर नापास होईल, अख्खं वर्ष जाईल."

"होऊ दे नापास," आई शांतपणे म्हणाली. "पुढच्या वर्षी बसेल परत. पण बाई, माझ्यासारखं चुकीचंच गिरवत, आपला हातच वाईट, असं समजून जगायला नको तिने."