निळं होईस्तोवर

पाणी किती जड आहे ते मला रंगावरून सांगता येतं, आणि हे मी छातीठोकपणे लिहिते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी परतूरला राहून केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं आणि आता जालन्यात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते.

काम ऐकायला सोपं आहे. पाण्याच्या नमुन्यात अमोनियाचं द्रावण घालायचं आणि चिमूटभर काळी पूड टाकायची; तिला आम्ही ‘रंग’ म्हणतो. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असलं की रंग त्यांना धरून बसतो आणि पाणी लाल होतं. पुस्तकात त्याला ‘वाईन रेड’ म्हटलंय. कॉलेजच्या वर्गात वाईन कुणी पाहिलेली नव्हती. मग आमच्या मॅडम म्हणाल्या, “बीट उकडलेलं पाणी समजा.” त्यानंतर ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या लांब काचेच्या नळीतून, थेंब थेंब ईडीटीए नावाचं द्रावण सोडायचं. ते रंगाच्या हातातून धातू काढून घेतं. सगळा धातू सुटला की पाणी कपड्याच्या निळीसारखं निळं होतं. पाणी जितकं जड, म्हणजे त्यात हे क्षार जितके जास्त, तितकं ईडीटीए जास्त लागतं. मधे एक जांभळा टप्पा येतो. घाईची माणसं तिथंच तोटी बंद करतात. मी कधी केली नाही.

तरीही नोकरीच्या पहिल्या वर्षी मी चुकले. रंगात नाही, बाटलीत.

माझं गाव मंठ्याच्या रस्त्याला. गावात नळयोजनेची नवी टाकी झाली होती आणि तिच्या शेजारीच नवीन बोअरला भरपूर पाणी लागलं होतं. सरपंच काका खूश होते. बोअरवर सध्या चाचणीपुरती मोटर होती; आता कायमची बसवायची आणि पाणी थेट टाकीत सोडायचं. पण त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नव्हती आणि पातेल्याला आतून पांढरा थर धरत होता. ग्रामसभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, “हे पाणी जड आहे. टाकीला ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी द्या.”

“विहीर लांब हाय पोरी, पाईप वाढतो,” काका म्हणाले. “डाळ तर माझ्या सासूच्या हातानंबी शिजत न्हवती.” सभा हसली. मी हटले नाही. म्हणाले, बाटली जालन्याला नेते, तपासते, तोवर थांबा. काकांनी गुरुवारपर्यंत नवी मोटर थांबवली. “पाणी हलकं निघालं तर मंग बोलायचं न्हाई, बराबर?” “बराबर,” मी म्हणाले. सगळं गाव पुढची कितीतरी वर्षं कोणतं पाणी पिणार, ते आता एका बाटलीवर आलं होतं.

बोअरची मोटर चालवायला लागणारी थ्री फेज लाईट सोमवारी पहाटे मिळणार होती आणि मला रविवारीच जालन्याला परतायचं होतं. म्हणून धुतलेली बाटली मायजवळ देऊन गेले. तिनं ती भरून एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवली.

मंगळवारी नमुना लावला. रंग टाकला तर लाल जेमतेम आला. दोन मिली ईडीटीएतच पाणी निळं झालं, म्हणजे अगदी हलकं! आमचे सीनियर सर मागून डोकावले. “मॅडम, तुमच्या गावाला गंगा लागली की. डाळीला म्हणावं, आता नखरे बंद.”

रंगाची पूड जुनी झाली की दगा देते, म्हणून नवी घेतली. पुन्हा दोन मिली. मग आमच्या प्रयोगशाळेच्या नळाचं पाणी लावलं. ते छान लाल झालं आणि रोजच्या आकड्यालाच निळं झालं. रंग खरा होता, ईडीटीए खरं होतं, माझा डोळा खरा होता. उरली बाटली. मी मायला फोन लावला.

“माय, पाणी बोअरवरूनच भरलं ना?”

“बोअरचं? काहून बाई? फिल्टरचं भरलं. चांगलं जारमधलं, थंडगार. वरून फडक्यानं गाळलं.”

“अगं, मी बोअरचं सांगितलं होतं!”

“तुह्या हापिसात साहेब लोक बघणार ते पाणी. घरी पाहुणा आला तर त्याला मी बोअरचा तांब्या देते का? मंग तिथं कशी पाठवू?”

फिल्टर क्षार काढून टाकतं, म्हणून ते पाणी हलकं निघालं होतं. मला रागही आला आणि हसूही. तिचं खरंच होतं. आमच्याकडे पाहुण्यापुढं घरातलं सगळ्यात चांगलं पाणी येतं. नमुना आपल्या हातानं घ्यायचा, हा नियम पाळला नव्हता तो मी.

बुधवारी सरांची परवानगी काढली. ब्युरेट, स्टँड, बाटल्या पिशवीत घातल्या आणि एसटीनं गावी गेले. मी शेजारी उभी राहून सांगितलं तशा मायनं काकांसमोर विहिरीची आणि बोअरची बाटली भरली. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. माणसं जमली, काकाही आले. मी फोनवरची गोष्ट सांगायच्या आत मायनंच आवाज चढवला, “आधीच्या बाटलीत फिल्टरचं पाणी होतं. मी भरल्तं. पोरीची चूक न्हाई.”

“आता कोणाचं भरलं, वहिनी?” काकांनी चिमटा काढला.

“आता बोअरचं. तुम्ही समोरच होता की. आधी पाणी वाहू दिलं, बाटली तीनदा खंगाळली, मंग भरली.”

पहिल्यांदा विहिरीचं पाणी लावलं. चौदा मिलीला निळं. मग बोअरचं. रंग पडताच भांडं बिटासारखं लालभडक झालं. चौदा गेले, वीस गेले, लाल तसंच.

“अजून किती टाकशील?” काका म्हणाले.

“निळं होईस्तोवर.”

तिसाच्या पुढं काकाच नळीवरचे आकडे मोठ्यानं वाचायला लागले. सदतिसाला जांभळं आलं. “झालं!” कुणीतरी ओरडलं. “न्हाई झालं,” मी म्हणाले आणि थेंबावर आले. अडतिसाला लालीचा शेवटचा अंश गेला.

“म्हंजे इषारी हाय का?”

“जडपणाला इष म्हणत न्हाईत, काका. जड हाय. विहिरीच्या अडीचपटीवर. रोज प्यायला चांगली ती विहीरच.”

काकांनी दोन्ही भांडी उचलून उजेडात धरली. मग मोटरवाल्याला फोन लावला. “उद्या बोअरवर येऊ नको. विहिरीवर ये. आन पाईप जास्तीचा आण.”

संध्याकाळी घरी मी तपासणीचा अर्ज भरायला घेतला. त्यात ‘नमुना कोणी घेतला’ असा एक रकाना असतो. मी मायचं नाव लिहिलं आणि कागद तिच्यापुढं सरकवला. बचत गटात शिकलेली सही तिनं ठसठशीत केली आणि म्हणाली, “खाली लिही. हापिसाच्या पाहुण्याला बोअरचं पाणी दिलं, पण पोरीनं मागितलं म्हणून दिलं.”