माकडं अशीच हलवतात

लोणावळ्यात आमच्या जुन्या लोखंडी खिडक्या दुरुस्त करणारा वेल्डर काम संपलं की बाहेरच्या कठड्यावर उकिडवा बसतो आणि बंद झडप दोन्ही हातांनी गदागदा हलवतो. "माकडं आशीच हालवत्यात, ताई," एवढंच म्हणतो. मी ऑफिसला गेले की आई घरात एकटीच पडून असते, म्हणून त्याने गंजका खटका कापून जाड कडी बसवली. तरी येताजाता न बोलावता कठड्यावर चढतो, झडप हलवतो आणि "आजून भरवसा न्हाई," असं पुटपुटत निघून जातो.

गेला आठवडाभर तो फिरकला नाही. आज निघताना मला राहवेना. मीच कठड्यावर चढले आणि झडप हलवली.

कडी पक्की होती. आत, काचेपलीकडे, आई माझ्या तोंडाकडे बघत, मला हुसकावायला काठी आपटत होती.