घोडाझरीला मी पलीकडून धरलेली नाव

घोडाझरीला जायचं तर जानेवारीत जा, असं मी सगळ्यांना सांगते. तलाव भरलेला असतो आणि ऊनही सोसवतं. चंद्रपूरचा आमचा छोटासा नौका क्लब दरवर्षी तिथं जातो. बावीस सभासद, दोन-दोन माणसांच्या सहा प्लास्टिकच्या नावा, आणि या सगळ्याला शिस्त लावणारे वसंतभाऊ. रेल्वेतून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. पाच वर्षांपूर्वी वल्हं कसं धरायचं ते त्यांनीच मला शिकवलं. त्याआधी माझे रविवार घरच्यांवर डाफरण्यात जायचे. क्लबचा फायदा काय, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

सकाळी सहाला निघालो. नावा टेम्पोत, आम्ही दोन गाड्यांत. मूलला तर्री पोहे खाल्ले, सिंदेवाहीच्या पुढे धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्या बघत गेलो आणि नागभीडच्या अलीकडे आत वळलो. अडीच तास लागतात. शेवटचा तुकडा सोडला तर रस्ता चांगला आहे. डिझेल, चहा, जेवण धरून माणशी आठशे रुपये आले.

तलावावर पोचलं की आधी परीक्षा होते. लाइफ जॅकेट घालून काठाजवळच्या खोल पाण्यात नाव मुद्दाम उलटवायची, सरळ करायची आणि कुणाच्या मदतीशिवाय पुन्हा तिच्यावर चढायचं. तीनदा प्रयत्न करता येतो. नाही जमलं तर त्या दिवशी काठावर बसायचं. नाव उलटली तर जोडीदारही पाण्यातच असतो, तो तुम्हाला काय वाचवणार, असं म्हणून वसंतभाऊंनीच हा नियम केला. पहिल्या वर्षी मला नापास करून त्यांनी दिवसभर काठावर बसवलं होतं, आणि मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नव्हते. गेली दोन वर्षं परीक्षा घेणं माझ्याकडे आहे. परीक्षा घेणारा पाण्यात उतरतो, पण नावेला हात लावत नाही.

यंदा भाऊंना जमलं नाही. दोनदा हात निसटले. तिसऱ्यांदा छाती नावेवर आली, पण उजवा खांदा साथ देईना आणि ते पुन्हा पाण्यात घसरले. मी त्यांना उथळ पाण्यात घेऊन आले. धाप लागली होती, ओठ निळे पडले होते.

"मागच्या साली तं जमलं होतं," ते म्हणाले. "एका सालात एवढा बुढा झालो का मी?"

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. त्यांना धीर यावा म्हणून मी खरं ते सांगून टाकलं. "मागच्या वर्षीही नव्हतं जमलं, भाऊ. मी पलीकडून पाण्याखालून नाव धरून ठेवली होती."

मला वाटलं होतं, ते हसतील. पण त्यांनी काठाकडे पाहिलं. तिथं प्रणाली लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, क्लबमध्ये आली मागच्याच वर्षी.

"मागच्या साली हे पोरगी माह्या नावेत होती," भाऊ हळूच म्हणाले. "इले तवा पोहताबी येत नव्हतं. मी हाव म्हून दिलं होतं तू इले माह्यासंगं."

खरं सांगायचं तर वर्षभरात हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं, एवढंच मला आठवत होतं, आणि त्याचं मला कौतुकही होतं.

ते बाहेर पडले, जॅकेट काढून टेम्पोत ठेवलं आणि स्वयंपाक करणाऱ्या गावातल्या बाईंपाशी वालाच्या शेंगा सोलत बसले. प्रणाली आता माझ्या नावेत आली. तलाव फार सुंदर आहे. तिन्ही बाजूंनी जंगलाचे डोंगर, मधोमध बदकांचे थवे, आणि वल्हं थांबवलं की आपलाच श्वास ऐकू येतो. तुम्ही जरूर जा. मला त्यातलं काही धड दिसलं नाही. अर्ध्या वाटेत प्रणाली मागून म्हणाली, "ताई, मागच्या वर्षी भाऊ होते ना, म्हणून मले भेवच नाई वाटलं." मी नुसतं हं म्हटलं आणि वल्हवत राहिले.

जेवण उत्तम होतं, गरम भात आणि वांगं-वालाची भाजी. भाऊंनी सगळ्यांना वाढलं, मलाही वाढलं. येताना मात्र ते गाडीत न बसता टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले.

घरी आल्यावर आठ दिवस मी स्वतःची समजूत घालत होते की काही झालं तर नाही ना. मग धीर करून फोन केला. पुढच्या रविवारी इथल्या तलावावर सरावाला या, नुसते काठावर बसा, असं म्हटलं. ते नाही म्हणाले. खांद्याचं कारणही सांगितलं नाही.

"माह्यावर उपकारच करायचे होते तं हातातून वल्हं काढून घ्यायचं होतं," ते म्हणाले. "त्या पोरीले सांगितलं का तू?"

नाही, म्हणाले मी. त्यांनी फोन ठेवला.

माझ्यावर त्यांचा जीव होता आणि तो मी गमावला, हे आता मला कळलं आहे. फार वाईट वाटतं. रविवारी तलावावर मी प्रणालीला सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. "बरं केलं सांगितलं, ताई," ती म्हणाली, जॅकेटचे पट्टे आवळले आणि दुसऱ्या नावेत जाऊन बसली.