मांजरीचं अळणी

पिल्लांचं लेंढार नको म्हणून नव्यानंच घरी आणलेल्या मांजरीचं ऑपरेशन करून घेतलं आणि माझेच हाल सुरू झाले. तिला उड्या मारू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ही घरात आल्या आल्या टीव्हीच्या डोक्यावर चढून बसली. टाके चाटू नयेत म्हणून जुन्या बनियनचा झगा शिवून घातला, तो तिनं तासाभरात फाडला. माझे दोन्ही हात ओरबाडले. वर दोन दिवस अन्नाला तोंड लावेना.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मटण आण जा. अळणी करून पाजूया तिला."

अळणी म्हणजे मटण उकडलेलं बिनतिखट पाणी, आमच्याकडे आजाऱ्याला देतात.

"आई, आज रविवार हाय. जोतिबाचा वार." रविवारी आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे.

"वार आपल्याला हाय. तिला कुठला आलाय वार?"

मी पिशवी घेऊन मटण आणायला गेलो. मांजरीनं वाटी चाटूनपुसून लख्ख केली. आम्ही वरण-भात खाल्ला.

माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हाही मधे रविवार आला होता. मी अळणी मागितलं होतं. आईनं मऊ भात पुढं ठेवला आणि वर जोतिबाची माफी मागायला लावली.